गोठ्यातली तालीम

गाडी मोठी झाली आणि गॅरेज तेवढंच राहिलं, तिथून ही सगळी भानगड सुरू झाली.

बाबांनी धाराशिवात घर बांधलं तेव्हा (म्हणजे गावाचं नाव उस्मानाबाद होतं तेव्हा) त्यांच्या डोक्यात मारुती ८०० होती. त्या मापाने बाजूला नऊ बाय पंधरा फुटांची खोली काढली, वर पत्रे, पुढे शटर. आताची आमची गाडी आत जाते, पण गेल्यावर दार उघडून माणसाला बाहेर पडता येत नाही. त्यामुळे गाडी लिंबाखाली आणि गॅरेजमध्ये दोन मोडके कूलर, लग्नातली पातेली, बाबांच्या कचेरीतल्या फायली आणि एक पाळणा, असा संसार वीस वर्षं सुखाने नांदत होता.

मग गेल्या वर्षी माझ्या रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, नुसतं चालून भागायचं नाही, स्नायूंना काम द्या, वजनं उचला. घरी येऊन सांगितलं तर बायको म्हणाली, "भाजीची पिशवी उचलून सुरुवात कर." तिचं चूक नव्हतं. पण मला एकदम गॅरेज दिसायला लागलं.

घरात जिम करायची म्हणजे काय काय अडचणी येतात ते आधी सांगून टाकतो, कारण दोघा-तिघांनी विचारलंय. जिममध्ये दिसतो तो लांब रॉड सव्वासात फुटांचा असतो आणि नुसता रॉडच वीस किलोंचा. नऊ फुटी खोलीत तो आडवा मावतो, पण दोन्ही बाजूंना चकत्या चढवायला तुम्ही उभे कुठे राहणार? म्हणून मी पाच फुटी रॉड घेतला. खाली रबराचे जाड चौकोन अंथरले, नाहीतर फरशी पहिल्याच आठवड्यात गेली असती. एक बाक, दोन उभे स्टँड, थोडे डंबेल्स, झालं. खरी अडचण उंचीची. पत्रा मागच्या बाजूला जेमतेम साडेसात फूट. उभं राहून रॉड डोक्यावर नेला की वर टण्ण! आणि एप्रिल-मे महिन्यात त्या पत्र्याखाली सकाळी आठनंतर पाऊल ठेवायची सोय नाही. मी साडेपाचला उठतो. हे वाक्य लिहिताना मला स्वतःलाच अभिमान वाटतोय, तेव्हा क्षमस्व :)

तर सांगायचा मुद्दा वेगळाच आहे. गॅरेज उपसताना फायलींच्या मागे, पोत्यात गुंडाळलेली, मुद्गलांची जोडी सापडली.

आजोबांची, असं मी लगेच ठरवून टाकलं. आमच्या तुळजापूर तालुक्यातल्या गावच्या घरात ती माळवदाखाली तुळईजवळ टांगलेली असायची, हे मला लहानपणीचं आठवतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आमच्या गावात माणूस गेलं नाही, पण त्या घराची मागची भिंत फुटली. दोन-अडीच फूट रुंद, दगड आणि मातीच्या भिंती आणि वर मातीचं ओझं घेतलेलं माळवद. उमरगा आणि औसा भागात हीच घरं माणसांवर पडली. त्यानंतर बाबांनी गावचं घर उतरवून घेतलं आणि थोडं सामान इकडे आणलं. जोडी त्यातच आली असणार.

मी फोटो काढून आत्याला पाठवला. आत्याचा फोन आला, "ते दादांचं नाही रे. ते वस्तादांचं."

आजोबांना आम्ही सगळे दादाच म्हणायचो. दादा पैलवानकी करायचे हे माहीत होतं, पण त्यांची तालीम कुठे होती हे मी कधी विचारलंच नव्हतं. गावात तालमीची इमारत नाही. कधी नव्हती. आत्या म्हणाली, "गोठ्यात होती. आपल्याच."

गोठ्यात का? इथून पुढे मला पुस्तकं काढावी लागली.

आमचा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आमच्या भागातली म्हातारी माणसं 'मोगलाई' म्हणायची. पलीकडे सोलापूर, बार्शी हा इंग्रजी मुलूख. पारतंत्र्य दोन्हीकडे होतं, पण ते एकसारखं नव्हतं. संस्थानात सभा घ्यायची तर 'गश्ती निशाण ५३' या नावाने बदनाम झालेल्या फर्मानाप्रमाणे आधी परवानगी काढावी लागे. खाजगी शाळा काढायला परवानगी. आणि आखाडा काढायलाही परवानगी! १९३८-३९ साली स्टेट काँग्रेसने आणि नंतर आर्य समाजाने हैदराबादेत सत्याग्रह केले. आर्य समाजाने डिसेंबर १९३८ मध्ये सोलापूरला, म्हणजे मुद्दाम हद्दीबाहेर, लोकनायक अण्यांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरवली. त्या काळच्या तक्रारींत धर्माचरण, सभा, शाळा यांच्या रांगेत आखाड्यांवरची बंधनंही येतात. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा जरा हसू आलं होतं. एवढ्या मोठमोठ्या मागण्या आणि मध्येच जोर-बैठका?

पण सरकारच्या बाजूने विचार करून बघा. शाळेत पोरं दहा ते पाच असतात. आखाड्यात पहाटे चारला अंधारात वीस तरणी पोरं जमतात, एका माणसाचं मुकाट ऐकतात आणि रोज थोडी थोडी बळकट होतात. कुठल्याही सरकारला हे बघून झोप कशी लागावी? हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ सालची. तिथे पुढे स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक झाले, आणि त्या एका खेड्यातल्या शाळेने संस्थानाला किती त्रास दिला ते आपण जाणतोच. एका शाळेचं हे, तर शंभर आखाड्यांचं काय, असं कुणाच्या तरी मनात आलं असेलच.

आमचा गोठा काही आर्य समाजाचा नव्हता, काँग्रेसचाही नव्हता. दादा तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे. आत्याने दादांकडून ऐकलेलं असं : पणजोबांनी गोठ्याचा अर्धा भाग पोरांना दिला. बैल अलीकडे, हौदा पलीकडे, मध्ये कुडाची भिंत. नदीकाठची माती आणून चाळून टाकली, तीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस घातला. कुणी विचारलं तर बैलांना बसायला मऊ जागा केलीय म्हणायचं. पोलीस पाटलाला याचा पत्ता नव्हता असं दादा रंगवून सांगायचे म्हणे. माझा यावर अजिबात विश्वास नाही. त्याचाच पोरगा तिथे लढायचा. मातीने लाल झालेली पाठ घेऊन तो रोज घरी जात होता, आणि पाटील काय आंधळा होता?

हे ऐकताना माझ्या लक्षात आलं की आमच्या घराण्यातली पहिली होम जिम माझी नव्हेच. ती पंच्याऐंशी वर्षांपूर्वीची आहे, आणि तिचं कारण मधुमेह नव्हतं.

आता थोडं वस्तादांकडे येण्याआधी तालीम या जागेबद्दल. तुम्ही जुनी तालीम आतून पाहिली असेल तर आठवा. दार ठेंगणं, वाकूनच आत जावं लागतं. खिडक्या नावापुरत्या, घामेजल्या अंगाला वारा लागू नये म्हणून. हौद्याची माती जमिनीपेक्षा खोल. कोनाड्यात मारुती. कोपऱ्यात नाल, गोटी, मुद्गल. अंधार, दमटपणा, तेलाचा आणि घामाचा वास. मी माझ्या गॅरेजला नावं ठेवत होतो की उंची नाही, उजेड नाही, वारा नाही... म्हणजे आपल्याकडे मुद्दाम बांधायचे ती खोली मला आयती मिळाली होती!

इराणात 'झूरखाना' म्हणून व्यायामाची जागा असते. झूर म्हणजे आपलाच जोर. तिथेही मधला भाग जमिनीत खोल, तिथेही लाकडी मोठाले मुद्गल. आणि आपले शब्द तपासून बघा. तालीम हा अरबी, अर्थ शिक्षण. वस्ताद म्हणजे उस्ताद, फारसी. पैलवान फारसी. कुस्ती फारसी. जोर फारसी. गणपतीच्या मिरवणुकीत आपण उड्या मारमारून खेळतो ती लेझीमसुद्धा फारसी, मूळची ती धनुष्याच्या सरावाची साखळी लावलेली कामठी. यात मुद्गल आणि मल्लखांब आपले संस्कृतातून आलेले. मारुतीच्या कोनाड्याखाली बसून माणसं हे सगळे शब्द शेकडो वर्षं बोलत होती, आणि कुणाला त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. कोल्हापूरकडच्या तालमींत मोहरमचे पंजे बसतात, ते याच चालीने.

मुद्गलांचा प्रवास तर औरच. इंग्रज सैनिकांनी ते इथे पाहिले, उचलून विलायतेला नेले, तिकडे 'इंडियन क्लब' म्हणून त्यांची फॅशन आली. १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये ते फिरवण्याची चक्क स्पर्धा होती. आज इंटरनेटवर 'स्टील मेस' नावाने लोखंडी गदा विकतात, तिची किंमत बघून मी लॅपटॉप मिटला. आपल्या मारुतीच्या हातातली वस्तू, अमेरिकेहून परत!

घरी एकट्याने व्यायाम करायची कल्पनाही तशीच फिरून आलेली. सँडो नावाचा बलदंड माणूस शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जगभर गाजला. १९०४-०५ मध्ये त्याने हिंदुस्थानचा दौराही केला. त्याचा खरा धंदा ताकद दाखवण्याचा नव्हता, डंबेल्स, रबरी पट्टे आणि पुस्तकं घरपोच विकण्याचा होता. गिऱ्हाईकांत आपले औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. त्यांनी सँडोची साधनं मागवून दहा वर्षं नेमाने त्या पद्धतीने व्यायाम केला, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. आणि मग ते सगळं सोडून सूर्यनमस्काराकडे वळले! पुढे आयुष्यभर त्याचाच प्रचार. राजवाड्यात जागेला तोटा नव्हता, तरी शेवटी त्यांना पुरली ती माणूस आडवा पडेल एवढी सतरंजीची जागा. हे मला सामान विकत घेण्याआधी आठवलं असतं तर बरेच पैसे वाचले असते. असो.

अमेरिकेतल्या क्रॉसफिटवाल्या ग्लासमनने २००२ साली गॅरेजमधल्या जिमवर लेख लिहिला, तो या पंथातले लोक अजून वाचतात. आपल्याकडे ही लाट खरी आली २०२० मध्ये. मार्चमध्ये जिम बंद झाल्या त्या राज्यात दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला उघडल्या. सात महिने लोकांनी गच्चीवर पाण्याचे कॅन उचलले. तेव्हाही व्यायामाला जमायला मनाईच होती. कारण निराळं, आणि यावेळचं कारण पटण्यासारखं, पण पहाटे शटर अर्धं ओढून आत जाणारे दोन-तीन मित्र मला माहीत आहेत. नाव सांगत नाही.

आता वस्ताद.

वस्ताद मुसलमान होते. गावात त्यांचं घर वेशीजवळ, पिंजाऱ्याचं काम करायचे, गाद्या-रजया भरायचे. पोरांना पहाटे तेच उठवायचे. मुद्गल कसे फिरवायचे, खांद्याच्या मागे गेल्यावर मनगट कुठे ढिलं सोडायचं, हे दादांना त्यांनी शिकवलं. पोरं हद्द ओलांडून सोलापूरकडच्या जत्रांच्या फडात लढायला जायची, तेव्हा वस्ताद बरोबर असायचे. नारळावरच्या कुस्त्या, फार तर चांदीचं कडं. दादांनी एक कडं मिळवलं होतं, ते आत्याच्या लग्नात मोडलं. हे तिने मला तीनदा सांगितलं.

१९४७ नंतर दिवस पालटले. रझाकारांचा त्रास सुरू झाला. आमच्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं जीव मुठीत धरून हद्दीपलीकडे सोलापूर-बार्शीला गेली. हद्दीवर स्टेट काँग्रेसचे कॅम्प होते, तिथून तरणी पोरं लढत होती. दादा त्यात होते. गोठ्यातली पाठ तिथे कामाला आली, एवढं एकच वाक्य ते त्याबद्दल बोलायचे. १३ सप्टेंबर १९४८ ला फौज सोलापूरकडून शिरली, पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं, आणि पाच दिवसांत संस्थान संपलं. १७ सप्टेंबर आपण साजरा करतो, करायलाच हवा.

त्यापुढचं आमच्या घरात कुणी बोलत नसे. पोलीस ॲक्शननंतर काही आठवडे, विशेषतः खेड्यांतून, मुसलमानांवर सूड उगवला गेला. त्यांतल्या बहुतेकांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता. नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाहणीला पाठवलं. त्यांचा अहवाल कित्येक दशकं दाबून राहिला, लोकांना वाचायला मिळाला तो २०१३ च्या सुमारास. त्यांचा अंदाज किमान २७ ते ४० हजार मृत्यूंचा आहे. सर्वांत जास्त झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत पहिलं नाव उस्मानाबाद. बाकीचे गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. रझाकारांनी काय केलं ते मी शाळेत शिकलो. हे मला पंचेचाळिशीला कळलं, तेही स्वतः शोधल्यावर.

दादा कॅम्पातून गावी परतले तेव्हा वेशीजवळचं घर मोकळं होतं. वस्ताद जिवंत गेले, एवढं नक्की. कारण जाण्याच्या आदल्या रात्री ते मागच्या दाराने आमच्या गोठ्यात आले होते आणि पणजीच्या हातात जोडी देऊन म्हणाले, पोरगा आला की द्या. पणजीने त्यांना भाकरी बांधून दिली. पणजोबा अंगणात उभे होते, ते आत आले नाहीत. का आले नाहीत याची आत्याने दोन कारणं सांगितली. एक, पहारा ठेवायला. दुसरं कारण तिने सांगून लगेच, "ते लिहू नको," असं म्हटलं. म्हणून लिहीत नाही, पण ओळखता येण्यासारखं आहे.

त्यानंतर दादांनी मेहनत सोडली. हौदा बुजवला, बैल पूर्ण गोठ्यात आले. गंमत बघा (गंमत नव्हेच ही), आता आखाडा काढायला कुणाची परवानगी लागणार नव्हती. हवी तेवढी मोठी तालीम वेशीवर बांधता आली असती. देशभर कुस्तीला बरे दिवस आले, १९५२ ला खाशाबा जाधवांनी हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं, १९६१ पासून महाराष्ट्र केसरी सुरू झाली. दादा कुस्त्या बघायला जायचे, पण हौद्याच्या जवळ बसायचे नाहीत. मागे, झाडाखाली. मी लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून पाहिलेत ते फड. मला वाटायचं दादांना गर्दी आवडत नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये धाराशिवातच महाराष्ट्र केसरी झाली. (त्या वर्षी संघटनांच्या भांडणामुळे दोन ठिकाणी दोन महाराष्ट्र केसरी झाल्या, पण तो वेगळा पोवाडा.) मी लेकीला घेऊन गेलो होतो. तिला कुस्तीत फारसा रस नाही, ती खो-खोवाली. आपल्या सारिका काळेला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हापासून आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरी पळत असतात. गोठ्यातल्या तालमीत पोरीला पाय टाकू दिला नसता. त्यामुळे जुनं ते सगळं सोनं, असं म्हणायला मी तरी तयार नाही. माझ्या गॅरेजचा जास्त उपयोग तीच करते. मी रॉडशी झटापट करत असतो आणि ही बाकावर चढून पन्नास उड्या मारून अभ्यासाला गेलेलीसुद्धा असते.

एकट्याने वजन उचलण्यात एक भीती असते, ती मला कुणी सांगितली नव्हती. बाकावर उताणं पडून रॉड छातीवर घेतला आणि वर गेलाच नाही तर? पहिल्या महिन्यात एकदा झालं. कोपर थरथरायला लागलं, वर पत्रा, पहाटेची वेळ, घर झोपलेलं. शेवटी एका बाजूला कलंडून चकती पाडली, तो आवाज चार घरांत गेला. तेव्हापासून शेजारचा बारावीतला मुलगा येतो. तो डोक्याशी उभा राहतो, मी त्याच्या डोक्याशी. आता त्याचा एक मित्रही येतो. नऊ बाय पंधरात तिघं म्हणजे एकाला दारात उभं राहावं लागतं.

मुद्गल मात्र आत फिरत नाहीत, पत्रा लागतो. जांभळाचे किंवा बाभळीचे असावेत, प्रत्येकी सात किलो भरले. कीड लागलेली नाही. मुठीजवळ लाकूड हाताने घासून काचेसारखं गुळगुळीत झालंय. मी करडईचं तेल लावून दोन दिवस सावलीत ठेवले आणि आता लिंबाखाली, गाडीच्या बाजूला, जपून फिरवतो. मनगट कुठे ढिलं सोडायचं ते काही केल्या जमत नाही. व्हिडिओ पाहिले, त्यात दिसतं पण कळत नाही. दादा असताना विचारता आलं असतं. ते २००१ पर्यंत होते, आणि मला तेव्हा व्यायामाचा कंटाळा होता.

पोरं विचारतात, काका, हे कुणाचे? मी वस्तादांचे म्हणून सांगतो.

आत्या, तू हे वाचतेसच, म्हणून इथेच विचारतो. वस्तादांची धाकटी मुलगी तुझ्याबरोबर खेळायची म्हणालीस. ती माणसं सोलापूरला गेली की गुलबर्ग्याला, एवढं आठवून बघ. सोलापूरला पिंजाऱ्यांची जुनी घरं कुठे आहेत ते मी विचारून ठेवलंय, दिवाळीच्या सुट्टीत जाणार आहे. जोडी गाडीच्या डिकीत मावते, मोजून पाहिलं.